गंधकावाचून पांढरी वाईन : एक संवाद

वाईनच्या बाबतीत महाराष्ट्रात आजवर जे वाद झाले, ते बहुतेक सर्व ती विकावी की न विकावी, कोठे विकावी आणि तिच्यावर कर किती बसवावा या तीन प्रश्नांभोवती फिरत राहिले. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाईन ठेवण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जो गदारोळ उठला आणि ज्यापायी तो निर्णय अमलात न येता दप्तरातच राहिला, त्या गदारोळातही बाटलीत द्राक्षाच्या रसाखेरीज आणखी काय काय असते, हे कोणी विचारल्याचे माझ्या स्मरणात नाही. माझ्या मते मूळ प्रश्न तोच आहे. ज्यास वाईन वर्ज्य आहे त्यालाही तो लागू पडतो, कारण अन्न म्हणून जे जे बाजारात येते त्या सर्वांविषयी हाच प्रश्न विचारावयाचा असतो.

हा प्रश्न दोन जाणत्या माणसांनी एकमेकांस नेटाने विचारलेला मी ऐकला, तो संग्रामपुरात, माझ्या शेजारच्या ओसरीवर. द्राक्ष हे काही येथले पीक नव्हे. तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आणि अंबाबरव्याचे जंगल, त्या पायथ्याशी सोनाळा-टुनकीकडच्या संत्र्यांच्या बागा. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, जेथील विहिरीचे पाणी ना पिकास मानवते ना माणसास. परंतु शेजारचे गृहस्थ अबकारी खात्यात सबंध हयात घालवून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले (खात्याचे नाव राज्य उत्पादन शुल्क झाले तरी ते अबकारीच म्हणतात), स्वतः मद्यास न शिवणारे आणि लेखी नोंदीवर अढळ श्रद्धा असलेले. आणि त्यांची भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकून दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. शेगावला दर्शनासाठी आलेली ती मामांकडे मुक्कामास होती. पुढच्या हंगामात एक टाकी आपल्या पद्धतीने भरण्याची परवानगी तिला मालकांकडून मिळाली होती, आणि ती पद्धत काय, येथून बोलणे सुरू झाले. मधली चहापाण्याची व येण्याजाण्याची विघ्ने गाळून ते मी खाली देत आहे.

भाची : माझी योजना साधी आहे, मामा. जानेवारीत पहाटे खुडलेली शेनिन ब्लांकची द्राक्षे दाबून रस काढायचा, रात्रभर थंड ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, आणि मग विकतचे यीस्ट, विकतचे आम्ल, यीस्टचे खाद्य, गंधक यांपैकी काहीही न घालता तो रस त्याच्या स्वतःच्या यीस्टवर सोडायचा. आंबणे पुरे झाले की बारीक गाळणीतून न काढता बाटलीत भरायचा. फ्रान्समध्ये अशा वाईनला २०२० पासून ‘व्हॅं मेथोद नातूर’ या नावाने रीतसर मान्यता आहे. सेंद्रिय बाग, हाताची खुडणी, रानटी यीस्ट, आणि गंधक घातलेच तर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, असा त्यांचा दंडक.

मामा : ‘यात काहीच घातलेले नाही’ हे वाक्य मी नोकरीत ज्यांच्या तोंडून ऐकले, माय, ते सारे आरोपी होते. सातपुड्याच्या नाल्याकाठी धाड घातली की प्रत्येकाचा जबाब एकच : साहेब, नुसते मोहफूल आणि पाणी. आणि त्याच सडव्याच्या मडक्याशेजारी काळ्या गुळाची ढेप आणि नवसागराची पुडी. दोन्ही मुद्देमालात दाखल करून पंचनाम्यावर मी सही केलेली आहे. त्यामुळे तुझ्या या फ्रेंच दंडकाने माझे समाधान होत नाही. काही घातले नाही, हे सिद्ध कोण करणार?

भाची : ते सिद्ध करण्याकडे मी येतेच, पण तुमच्या नवसागराविषयी आधी सांगते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला साखरेबरोबर नत्रही लागते, आणि गुळात ते पुरेसे नसते. ते कमी पडले की आंबणे अर्ध्यावर थबकते. भट्टीवाल्याने हे शास्त्र शिकलेले नसेल, परंतु अनुभवाने त्याला औषध सापडले. आमच्या कोठारात त्याच कामासाठी डायअमोनियम फॉस्फेटची पोती असतात, आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहेत. नत्राने कोणास अपाय होत नाही, हे मी जाणते. परंतु रसात नत्र का कमी पडले, बागेची जमीन उपाशी आहे काय, की वेलीवर घड जास्त सोडले, हे विचारण्याची गरज त्या पोत्यामुळे नाहीशी होते. माझी तक्रार आहे ती या न विचारण्याबद्दल.

मामा : ती एका पोत्याची गोष्ट झाली. बाकी काय घालता?

भाची : रस लवकर निवळावा म्हणून एन्झाइम, द्राक्ष दाबताच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला सरबतवाले केएमएस म्हणतात, ठराविक सुवास देणारे पाकिटातले सुके यीस्ट, आमच्या उष्ण हवेत द्राक्षातले आम्ल लवकर उतरते म्हणून वरून टार्टारिक आम्ल, पुढे प्रथिने खाली बसावीत म्हणून बेंटोनाइटची माती, शेवटी गाळणयंत्र आणि बाटली भरताना पुन्हा केएमएस. यात विष एकही नाही. युरोपातल्या कायद्याने कोरड्या पांढऱ्या वाईनमध्ये लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि लाल वाईनमध्ये १५० पर्यंत सल्फर डायॉक्साइड, ज्याला आम्ही नुसते गंधक म्हणतो, चालते. आणि अगदी काही न घातलेल्या वाईनमध्येही थोडे असतेच, कारण यीस्ट स्वतःच ते निर्माण करते.

मामा : तासगावच्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तो आपण देवाच्या प्रसादात घालतो. मग वाईनच्या गंधकावर एवढा राग का?

भाची : राग नाही. पाकिटातले यीस्ट आणि टाकीचे तेच ते तापमान यांमुळे दिंडोरीच्या चढावरची शेनिन आणि जगातल्या कोणत्याही थंड टाकीतली शेनिन यांचा वास एकसारखा येऊ लागतो : तोच अननस, तेच पेर. द्राक्ष कोणत्या मातीतून आले याची खूण पुसली जाते. ज्या वाईनच्या बाटलीवर नाशिकचे नाव भौगोलिक मानांकन म्हणून छापायचे, तिच्या पोटात नाशिक असू नये, हे मला पटत नाही.

या ठिकाणी मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्याकडची उत्तम दर्जाची वाईन हा फार जुना व्यवसाय नाही. नारायणगावास शामराव चौगुले यांनी इंडेजचा कारखाना उभारून फेसाळ वाईन परदेशी धाडली ती १९८० च्या दशकात. नाशिकजवळ सुलाने शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांकची लागवड केली १९९७ साली आणि पहिली वाईन बाजारात आणली २००० साली. राज्य शासनाचे द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आले २००१ मध्ये आणि त्यानंतर विंचूर येथे वाईन पार्क. एवढ्या अल्प काळात या उद्योगाला आपली अशी चव शोधण्यास फुरसत मिळाली नाही. बाटली फुटू नये, आंबट होऊ नये, परत येऊ नये, यातच पहिल्या पिढीची शक्ती खर्ची पडली आणि तसे होणे योग्यच होते. भाचीचा प्रश्न हा दुसऱ्या पिढीचा प्रश्न आहे. तो विचारण्याचा तिला अधिकार आहे, आणि त्यास मामांनी दिलेले उत्तर पहिल्या पिढीच्या काळजीतून आलेले आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

मामा : चवीचे मला कळत नाही, कारण मी चाखत नाही. परंतु इतिहास मला थोडा ठाऊक आहे. लुई पाश्चरला नेपोलियन तिसऱ्याने वाईन नासण्याची कारणे शोधण्यास सांगितले आणि त्याने १८६६ साली त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. निरनिराळे जंतू निरनिराळ्या प्रकारे वाईन बिघडवतात, हे त्यात त्याने दाखवून दिले. तेव्हापासून दीडशे वर्षे माणसाने त्या जंतूंना टाकीबाहेर ठेवण्याची विद्या कमावली. तू ती विद्या शिकलीस, त्या विद्येची पदवी घेतलीस, आणि आता दार उघडून म्हणतेस की या, ज्याला यायचे आहे त्याने यावे.

भाची : ज्या माणसाने गंधकावाचून वाईन करून दाखवली तोही पाश्चरच्याच वाटेने गेलेला होता, मामा. ज्यूल शोव्हे त्याचे नाव. १९०७ साली जन्मला, १९८९ मध्ये वारला. बोजोले प्रांतात वाईनचा व्यापार करी आणि शिवाय रसायनशास्त्रज्ञ होता. तो गंधक वगळू शकला याचे कारण त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक होता आणि रसात या घटकेला कोणता जंतू किती आहे, हे तो मोजत होता. मार्सेल लापिएर आणि इतर बागाईतदार त्याच्याकडून शिकले. दार उघडे टाकून जो झोपी जातो त्याच्याविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे. मी दारात बसणार आहे.

मामा : शोव्हेचे ते बोजोले लाल की पांढरे?

भाची : मुख्यतः लाल.

मामा : मग तुझा दाखला अर्धाच लागू पडतो.

हा आक्षेप फार नेमका होता, आणि भाचीने तो टाळला नाही. पांढरी वाईन गंधकावाचून करणे लाल वाईनहून अवघड का, हे तिने जे समजावून सांगितले त्यात या विषयाचे मर्म असल्याने ते मी तिच्याच शब्दांत सविस्तर देतो.

भाची : लाल वाईनमध्ये रस सालीबियांसकट आंबतो, आणि सालीबियांतून जे टॅनिन उतरते ते प्राणवायूपासून वाईनचे पुष्कळ संरक्षण करते. पांढऱ्या वाईनमध्ये आपण द्राक्ष दाबून लगेच साल फेकतो, म्हणजे तिचे चिलखतच काढून घेतो. म्हणून कायद्यानेही पांढरीला गंधकाची मुभा जास्त दिलेली आहे. जॉर्जिया देशात पांढरी द्राक्षेही सालीसकट जमिनीत पुरलेल्या क्वेव्हरी नावाच्या मातीच्या रांजणांत आंबवतात. ती वाईन नारिंगी रंगाची, किंचित तुरट आणि गंधकावाचून टिकणारी होते. त्या पद्धतीस युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, आणि त्याच देशात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाईनचे अंश सापडले आहेत. पण मला नारिंगी वाईन करायची नाही. मला सालीवाचूनची, स्वच्छ शेनिन करायची आहे, म्हणजे मी अवघड वाट जाणून निवडली आहे.

त्यातही आमचा उष्ण प्रदेश. रसाचा सामू जितका कमी, म्हणजे आम्ल जितके तीव्र, तितके थोड्या गंधकाने काम भागते. सामू ३ असेल तर रसातल्या मोकळ्या गंधकापैकी सुमारे ६ टक्के जंतूंना मारण्याच्या उपयोगी अवस्थेत असतो, सामू ३.५ झाला की तो २ टक्क्यांवर येतो, आणि ४ झाला की अर्ध्या टक्क्याच्या आसपास. याचा अर्थ असा की ज्या रसाला गंधकाची गरज सर्वात जास्त, त्याच रसात गंधक सर्वात निकामी ठरतो. आणि ज्या रसात सामू कमी आहे त्याला मुळात गरजच थोडी. तेव्हा गंधक घालावा की न घालावा हा निर्णय टाकीपाशी होतच नाही. तो बागेत, खुडणीच्या तारखेला होऊन गेलेला असतो. शेनिन ही जात फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची, आणि उन्हातही आम्ल धरून ठेवणारी, म्हणून आपल्याकडे ती रुजली. ती जानेवारीच्या थंडीत, साखर लिटरला २०० ग्रॅमच्या जवळ आली की लगेच, आम्ल शिल्लक असताना खुडली तर लिटरला सतराएक ग्रॅम साखरेस एक टक्का मद्यार्क या हिशेबाने पावणेबारा टक्क्यांची वाईन होईल आणि तिच्या अंगात स्वतःचे संरक्षण असेल. तीच द्राक्षे मार्चपर्यंत वेलीवर ठेवली तर मग केएमएसचे पोते फोडल्यावाचून गत्यंतर नाही.

मामा : रानटी यीस्ट, रानटी यीस्ट म्हणतेस, ते येते कोठून? द्राक्षाच्या सालीवर जी पांढुरकी लव दिसते तेच ना?

भाची : तसा समज आहे, पण ती लव म्हणजे मेण. सालीवर यीस्ट असते खरे, मात्र ते बहुतेक हॅन्सेनियास्पोरासारखे दुबळे यीस्ट, जे आंबण्याची सुरुवात करते आणि मद्यार्क चार-पाच टक्क्यांवर गेला की मान टाकते. शेवटपर्यंत तग धरते ते सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, आणि निरोगी द्राक्षावर ते फार क्वचित आढळते. इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की गांधीलमाश्या ते हिवाळाभर आपल्या पोटात सांभाळतात आणि पिकल्या द्राक्षावर आणून सोडतात. आणि बाकीचे असते वायनरीच्या भिंतींवर, नळ्यांत, जमिनीच्या फटींत.

मामा : म्हणजे ज्या वायनरीत वीस वर्षे पाकिटातले यीस्ट वापरले, तिच्या भिंतींवरही पाकिटातल्याच यीस्टचा वंश असणार. मग तुझ्या टाकीत रान कोठले? पाकीटच भिंतीवरून उतरून आत येणार.

भाची : हा आक्षेप खरा आहे, आणि परदेशांतल्या वायनरींत तसे घडलेलेही आढळले आहे. त्यावर माझा उपाय आहे. खुडणीच्या आठवडाभर आधी बागेतच थोडी निवडक द्राक्षे स्वच्छ बादलीत चुरडून तेथेच आंबू द्यायची. अशा पाच-सहा बादल्या करायच्या, प्रत्येकीचा वास घ्यायचा, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि जी उत्तम उतरेल तिचेच विरजण टाकीला लावायचे. बाकीच्या ओतून द्यायच्या.

मामा : घरात दही लावताना तुझी मामीही विरजण हुंगून बघते, आणि आंबूस वाटले तर शेजारच्या घरून आणते. तिला मी कधी ‘हस्तक्षेप करू नकोस’ असे म्हटलेले नाही.

भाची : आणि मीही म्हणत नाही. बादली निवडणे हा हस्तक्षेपच आहे. टाकीभोवती थंड पाणी फिरवून रस पंधरा-सोळा अंशांवर ठेवणे हाही आहे, कारण फेब्रुवारीतली दुपार तिशीच्या वर जाते. माझा आग्रह एवढाच की मी जे करीन ते पाहून, हुंगून, मोजून करीन. आणि वाईनमध्ये अखेरीस जे राहील ते द्राक्षाचेच असेल.

मामा : मग द्राक्षाचेच बोलू. तो वेल तरी स्वतःच्या मनाने वाढतो काय? मी ‘ॲग्रोवन’ वाचतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी; वर्षातून दोनदा त्याला उघडे करता. थंड देशात वेल हिवाळाभर झोपतो आणि वसंतात आपोआप फुटतो. येथे त्याला झोप नाही, म्हणून छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी हायड्रोजन सायनामाइडचा बोळा फिरवता. मुळे तर त्याची स्वतःचीही नाहीत. ती डॉगरिज खुंटाची, कारण खारट पाण्यात आणि दुष्काळात त्याचा टिकाव लागतो. पावसात डाऊनी, थंडीत भुरी, म्हणून फवारण्या. एवढे सगळे करून झाल्यावर, टाकीत शिरताना तेवढे तुम्ही हात जोडून उभे राहणार, याला मी काय म्हणावे?

भाचीने यावर लगेच उत्तर दिले नाही. मलाही मामांचा हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटला. महाराष्ट्रातला द्राक्षवेल हा माणसाच्या दोन कात्र्यांनी आणि एका रसायनाने बांधलेल्या वेळापत्रकावर जगतो. लुआरकाठच्या बागाईतदाराने ‘मी निसर्गाला हात लावत नाही’ असे म्हणणे आणि दिंडोरीच्या बागाईतदाराने तसे म्हणणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

भाची : डॉगरिजचे मला काही वाटत नाही, फिलॉक्सेरा किडीने युरोपच्या बागा नासल्या तेव्हापासून तिकडचे बहुतेक वेलही अमेरिकन खुंटांवरच उभे आहेत. छाटणीचेही नाही, छाटणीवाचून द्राक्ष जगात कोठेच नाही. बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचे. मिलार्देने १८८५ साली ते प्रसिद्ध केले, आणि सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालते. पण सायनामाइडविषयी तुम्ही म्हणता ते मला टोचते. ते हाताळणाऱ्या मजुराला घातक आहे आणि युरोपीय संघात त्यास परवानगी नाही. त्यावाचून डोळे मागेपुढे फुटतात, घड एका वेळी पिकत नाहीत, आणि बागाईतदाराचे उत्पन्न घटते. माझ्या टाकीसाठी ज्या बागेतल्या चार ओळींची द्राक्षे घेणार आहे त्या ओळींना तो बोळा लावू नये, असे मी सांगून पाहिले. शेतकरी म्हणाला, कमी आले तर फरक कोण देणार?

मामा : योग्य विचारले त्याने. आणि तुझी टाकी नासली तर? २००८ नंतर मंदी आली तेव्हा किती वायनरींनी द्राक्षे उचलली नाहीत, किती जणांनी वाईनच्या जातीचे वेल उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची कलमे बांधली, हे तू तेव्हा शाळेत होतीस म्हणून पाहिले नसशील. मी वर्तमानपत्रांत वाचले आहे. पुढे इंडेजसारखे मोठे घरही बसले. चव ही वायनरीच्या मालकाची हौस होऊ शकते. नासलेल्या टाकीची किंमत मात्र फिरून फिरून बागेच्या बांधावर येते. मोहाच्या सडव्यात काही बिघडले तरी तो भट्टीवर चढतो आणि जंतूंचा प्रश्न अग्नी मिटवतो. वाईन अग्नीतून जात नाही. जे बिघडले ते बाटलीत जिवंत राहते.

भाची : राहते खरे. सगळ्यांत वाईट दोष तर असा की तो हुंगून कळत नाही. उंदराच्या बिळासारखा वास म्हणतात त्याला. वाईनच्या आम्लात तो दबून असतो. घोट गिळल्यावर तोंडातल्या लाळेने सामू वाढला की मग मागाहून उमटतो. तो येतो लॅक्टिक जंतूंपासून किंवा ब्रेटानोमायसिस यीस्टपासून, आणि थोडक्या गंधकाने तो रोखता येतो. म्हणून मी माझ्या मनाशी ठरवले आहे की बाटली भरतेवेळी लिटरला वीस मिलिग्रॅम गंधक घालीन. काहींना ते कमीपणाचे वाटेल. मला शेतकऱ्याचे चार ओळींचे पीक नासवण्यापेक्षा ते बरे वाटते.

मामा : मघाशी तर शून्य म्हणालीस.

भाची : रस आंबत असताना शून्य. बाटलीत वीस. फ्रान्सचा दंडकही तेवढी मुभा देतो, मात्र तशी वेगळी खूण बाटलीवर असावी लागते.

मामा : मग आता माझ्या प्रांतातले ऐक. या सातपुड्याच्या उतारांवर धायटी फुलते. तिची लाल फुले जंगलातून गोळा होतात आणि आसवारिष्टे करणाऱ्यांकडे जातात. द्राक्षासवही असेच होते : मनुका, गूळ, औषधे आणि धायटीची फुले भांड्यात बंद करून संधान घालायचे. यीस्ट कोणी विकत आणत नाही. ते फुलाच्याच अंगी असते. ‘शार्ङ्गधरसंहिते’त काढ्यावाचून केले ते आसव आणि काढ्याने केले ते अरिष्ट, असा भेद सांगितला आहे. त्या बाटलीवर आत आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क किती टक्के, हे छापलेले असते, आणि कोणती द्रव्ये किती प्रमाणात, हेही. वैद्याची बाटली एवढे सांगते, तर वायनरीची का सांगत नाही?

भाची : युरोपात ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाईनवर घटकद्रव्यांची यादी देणे बंधनकारक झाले आहे. त्याआधी २००५ पासून लिटरला दहा मिलिग्रॅमवर गंधक असेल तर ‘सल्फाइट आहेत’ एवढेच लिहावे लागे.

मामा : एवढ्याने भागत नाही. ‘आहेत’ म्हणजे किती? दहा असले तरी ‘आहेत’ आणि दोनशे असले तरी ‘आहेत’? माझ्या खात्याने आयुष्यभर बाटलीतला मद्यार्क मोजला, कारण त्यावर महसूल होता. बाकीचे कोणी मोजले नाही, कारण त्यावर महसूल नव्हता. तू ते मोज. टाकीला एक रोजनामा ठेव : तारीख, रसाची घनता, तापमान, सामू, उडनशील आम्लता, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले, वास कसा, आणि शेवटच्या रकान्यात काय घातले व किती. काही घातले नसेल त्या दिवशी रकाना कोरा सोडायचा नाही. ‘निरंक’ लिहून सही करायची. आणि उडनशील आम्लता, म्हणजे वाईन नासू लागल्याची खूण, किती झाली की तू आपला हट्ट सोडून गंधक घालशील, तो आकडा द्राक्षे खुडण्यापूर्वी पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. धाड पडल्यावर लिहिलेल्या जबाबाला किंमत नसते.

भाची : तो आकडा आधी लिहून ठेवण्याचे मला सुचले नव्हते. लिहीन. लिटरला ०.६ ग्रॅम.

मामा : आणि सायनामाइड? फवारण्या?

भाची : त्या बागेच्या नोंदवहीत असतात.

मामा : टाकीच्या रोजनाम्यातही आल्या पाहिजेत. खुडणीच्या आधीचे सबंध वर्ष. नाहीतर तुझी नोंद अर्ध्या गोष्टीपासून सुरू होते.

माझे मत विचारले गेले तेव्हा मी ते असे दिले. टाकी जरूर भरावी, कारण नाशिकच्या शेनिनला स्वतःचा वास आहे की नाही हे भरल्यावाचून कोणास कळणार नाही आणि तसा प्रयत्न करण्याचे ज्ञान भाचीपाशी आहे. परंतु त्या बाटलीला काही मोल येईल ते तिच्यात गंधक नाही यामुळे येणार नाही, तर तिच्याविषयी सर्व काही सांगितले गेले आहे यामुळे येईल, आणि म्हणून मामांचा रोजनामा हा त्या वाईनचाच एक भाग समजला जावा. बागेतील रसायनांचा रकाना त्यात असावा, याही बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे. गंधकाच्या वीस मिलिग्रॅमविषयी बाटलीवर बोलायचे आणि वेलीच्या डोळ्यांवर फिरलेल्या बोळ्याविषयी मौन पाळायचे, हे प्रामाणिक नाही.

भाचीने सांगितले की वाईनचे आकडे मालक बाटलीवर छापू देतील, फवारण्यांचे मात्र नाही. शेजारच्या बाटलीवर ते नसताना आपल्याच बाटलीवर असले तर गिऱ्हाईक ती घाबरून खाली ठेवील, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोटे ठरवणे तिला शक्य नाही. मामा म्हणाले की बाटलीवर नसो, परंतु रोजनामा वायनरीच्या दारात टेबलावर उघडा राहावा आणि येणाऱ्या कोणासही पाने उलटता यावीत. त्यावर ती मालकांशी बोलणार होती. त्या चार ओळींना बोळा न लावल्याने जे उत्पन्न घटेल त्याची भरपाई आपल्या पगारातून करण्याची तयारी तिने शेतकऱ्याला कळवली असल्याचे तिने जाता जाता सांगितले, आणि मामांनी ती रक्कमही रोजनाम्यात, खर्चाच्या बाजूस, लिहावयास सांगितली.